सगळ्यांच्या महोत्सवात आपण पाहुणेच का?

"मुंबईत हॉटेलात कुणी जात विचारत नाही." आमच्या पिढीतल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या तरुणांच्या तोंडी हे वाक्य इतके बसले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. वाक्य खोटेही नाही. खिशात पैसे असतील तर वेटर पाणी आणून ठेवतो, ऑर्डर घेतो, बिल देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी टेबल पुसतो. ज्यांच्या आजोबांना गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा, आणि तो कप त्यांनाच विसळून ठेवावा लागायचा, त्यांच्या नातवंडांना शहरातले हे टेबल मोकळा श्वास वाटणारच. आम्हालाही वाटतो. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख उगाच आलेला नाही.

पण हॉटेलात जात विचारत नाहीत, कारण पुष्कळदा ती पाटीवरच लिहिलेली असते. दादरपासून डोंबिवलीपर्यंत आणि तिकडे पुण्याच्या पेठांपर्यंत एकदा नुसत्या पाट्या वाचत फिरा. सीकेपी पद्धतीचे जेवण. सारस्वत थाळी. आगरी खानावळ. कोळी पद्धतीची मासळी. ब्राह्मणी चवीची आमटी. नागपूरकडे गेलात तर सावजी. यात कुणाला काही वावगे वाटत नाही. जात येथे चवीचे नाव घेऊन येते, आणि चवीवर कोण हरकत घेणार? आम्हीही या सगळ्या ठिकाणी जेवलो आहोत, आवडीने जेवलो आहोत. सीकेप्यांचे निनावे आणि आगऱ्यांची तांदळाची भाकरी यांच्याशी आमचे काही भांडण नाही.

प्रश्न एवढाच आहे की या सगळ्या पाट्यांत आपली पाटी कुठे आहे? महारी, मांगी, चांभारी पद्धतीचे जेवण अशी पाटी मुंबईत आम्ही आजवर पाहिलेली नाही. मालक आपला असलेली हॉटेले आहेत. आमच्या ओळखीतच दोन-तीन आहेत. त्यांच्या पाट्यांवर 'मालवणी' असते, 'कोल्हापुरी' असते, नाहीतर एखाद्या देवीचे नाव असते. एका दादांना आम्ही विचारले, तर ते गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले, "पाटी बदलली तर गिऱ्हाईक तुम्ही आणून देणार का?" त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' हॉटेल काढले तेव्हा तेथे चहा प्यायला खुद्द शाहू महाराज गेले, म्हणून इतरांना जावे लागले. आमच्या या दादांच्या गल्ल्यासमोर कोणता राजा येऊन उभा राहणार आहे?

एकत्र जेवण्याचा प्रयोग मुंबईला नवा नाही. १८४९ साली याच शहरात परमहंस मंडळी स्थापन झाली. जातीभेद मोडायचा म्हणून तिचे सभासद परजातीच्या, परधर्माच्या माणसाच्या हातचे अन्नपाणी घेत, पण बंद दाराआड, गुप्तपणे. सभासदांची नावे फुटली आणि मंडळीच फुटली. पुढे समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घडवून आणले. पूजेला दलित जोडपे बसवायचे आणि प्रसाद झुणका-भाकरीचा. गद्रे यांच्या धैर्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण रचना पाहा. एका पंगतीला यायचे तर सत्यनारायणाच्या चौरंगावरून यायचे! पंगत त्यांची, देव त्यांचा, आपण त्यात सामावून घेतले गेलेले.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात सहभोजनाबद्दल स्पष्ट लिहून ठेवले आहे. ज्या जाती आपापसांत रोटीव्यवहार करतात त्यांच्यातही जातीची भावना मेलेली नाही, हे त्यांनी दाखवले आणि खरा उपाय आंतरजातीय विवाहात सांगितला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही रोटी-बेटी व्यवहार हा जोडशब्द शिकलो. शहराने त्यातली रोटी सुटी करून विकायला ठेवली. बेटी होती तेथेच आहे. म्हणून ऑफिसातल्या मित्रमंडळींबरोबर शुक्रवारी रात्री एका ताटात बिर्याणी खाल्ली की जात संपली, असा भ्रम निदान आंबेडकरी तरुणाने तरी बाळगू नये.

आणि ती रोटीसुद्धा सगळीकडे सुटी झालेली नाही. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत एका वसतिगृहाच्या मेसमध्ये काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलने तो विषय बाहेर काढला. त्या टेबलावर बसून निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला. देशातली हुशार म्हणवली जाणारी मुले जेथे जेवतात तेथली ही गोष्ट. मांसाहारी कुटुंबांना घर नाकारणाऱ्या सोसायट्यांविरुद्ध मुंबईत आरडाओरडा होतो तेव्हाही नीट ऐका. मराठी माणसाच्या मासळीचा अपमान झाला, मराठी माणसाच्या मटणाचा अपमान झाला, असे भाषणांत येते. त्या 'मराठी माणसा'च्या ताटात आपल्या घरचे काही वाढलेले असते का? २०१५ पासून तर बैलाचे मांसही कायद्याने बंद झाले, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ घरांत चान्या या नुसत्या आठवणीत उरल्या. त्यावर मराठी अस्मितेचा एक मोर्चा निघाला नाही.

आता उत्सवांकडे येऊ. डिसेंबर उजाडला की मुंबई-ठाण्यात महोत्सव सुरू होतात. मालवणी महोत्सव, आगरी महोत्सव, वेसाव्याचा कोळी सीफूड महोत्सव. मैदानात मांडव, बचत गटांचे स्टॉल, चिंबोरीचे कालवण, कोंबडी-वडे, जवळ्याची चटणी, स्टेजवर त्या समाजाची गाणी. शहरभरचे लोक रांगा लावून जेवतात आणि जेवता जेवता त्या समाजाला ओळखतात. कोळी बायका स्वतःच्या हाताने रांधून, स्वतःच्या नावाने, नाकात नथ घालून विकतात आणि पैसे कनवटीला लावतात. हे आम्हाला फार आवडते. माहीमच्या बाबांच्या उरुसात हलवा-पराठा खायला आम्ही जातो. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेतही आमच्या वस्तीतली निम्मी पोरे असतात. शहर म्हणजे एकमेकांच्या जत्रेला जाणे, असे कुणी म्हटले तर आम्ही मान डोलावू.

गणपतीचे मात्र जरा वेगळे आहे. बावीस प्रतिज्ञांतली तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीला देव न मानण्याची आणि त्यांची पूजा न करण्याची आहे. त्यामुळे ऑफिसातल्या मित्राने घरी बोलावले तर जावे का, मोदक खावा का, यावर आपल्या मुलांत दर भाद्रपदात वाद होतो. आमचे मत सरळ आहे. आरतीला हात जोडायचे नाहीत. जेवायला बसायला हरकत नाही. प्रतिज्ञा पूजेविषयी आहे, गूळ-खोबऱ्याविषयी नाही. ज्यांना तेही नको असेल त्यांच्या निर्धाराचा आम्ही मान राखतो. या उत्सवाच्या मांडवाचा इतिहास मात्र प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावा. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांच्या पूजेच्या हक्कावरून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि त्यांचे सहकारी भांडले होते. 'सार्वजनिक' या शब्दात आपण धरलेलो नव्हतो, हे तेव्हा भर मांडवात उघड झाले.

पण खरा मुद्दा परतीच्या निमंत्रणाचा आहे. आपण त्यांच्या गणपतीला जातो, नवरात्रात गरब्याला जातो, नाताळात केक खातो, ईदेला शीरखुर्मा पितो. १४ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला त्यांतले किती जण आपल्या दारी येतात? मुस्लिम मित्र येतात, हे नमूद केले पाहिजे. बाकीच्यांना हातांच्या बोटांवर मोजा. ६ डिसेंबरला तर शिवाजी पार्कच्या आसपासचे काही लोक आधीच गर्दीची, कचऱ्याची तक्रार करायला बसलेले असतात, आणि काही दुकाने शटर ओढून घेतात. पुस्तकांसाठी एवढ्या रांगा लागणारा दुसरा मेळा या शहरात कुठे आहे ते त्यांनी दाखवावे.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, ते येत नाहीत, तो त्यांचा जातीयवाद. अर्धे बरोबर. उरलेले अर्धे असे की आपण बोलावतो तरी कुठे? जयंतीला वर्गणी आपसात, मिरवणूक आपसात, जेवण आपसात. आणि जेवण काय, तर व्हेज पुलाव, पुरी-भाजी, बुंदी, ताक. वस्तीतल्या ज्या घरात रविवारी वजडी शिजते त्याच घरातला कार्यकर्ता सार्वजनिक जेवणाच्या मीटिंगमध्ये म्हणतो, "व्हेजच ठेवा, लोक काय म्हणतील?" हे लोक कोण? ज्यांना आपण बोलावलेच नाही, तेच ना?

म्हणून यंदा आमच्या वस्तीतल्या मंडळापुढे आम्ही काही जणांनी प्रस्ताव मांडला: जयंतीनंतरच्या रविवारी मैदानात आपल्या घरच्या जेवणाचे स्टॉल लावायचे आणि शहरातल्या मित्रांना नाव घेऊन बोलवायचे. विहारात बैठक झाली आणि चांगलीच तापली. एका ज्येष्ठ उपासकांनी पंचशीलाची आठवण दिली. त्यांना आमचे उत्तर होते की 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केलेला आहे. अहिंसा म्हणजे सरसकट शाकाहार असे त्यांनी लिहिलेले नाही. दुसरा आक्षेप महाडचा आला. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही त्याचा महोत्सव भरवणार? हा घोटाळा वारंवार होतो म्हणून नीट सांगतो. सोडायचे होते ते मृत जनावराचे मांस, गावाने लादलेल्या कामाचा आणि लाचारीचा मोबदला म्हणून मिळणारे. दुकानातून पैसे मोजून आणलेल्या मटणाची किंवा वजडीची लाज बाळगा, असे त्यात कुठेही नाही.

तिसरा आक्षेप एका आजींचा होता, आणि तो आम्हाला आजही खोडता आलेला नाही. त्या मराठवाड्यातून दुष्काळात आलेल्या. म्हणाल्या, "लेकरांनो, आमी त्ये हौसेनं नाही खाल्लं. कोंड्याची भाकर काय, रगती काय. तुमी आता त्याला पाटी लावून इकणार व्हय?" बैठक गप्प झाली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना आजींच्या बोलण्यातले दुखणे कळेल. भुकेच्या अन्नाला फॅशन करणारे लोक या शहरात आहेत. पाया सूप मोठ्या हॉटेलात किती रुपयांना मिळते ते पाहा. विकणाऱ्याच्या घराण्याने ते कधी नाइलाजाने खाल्लेले नसते. आपणही तोच धंदा करायचा का?

शेवटी आजींनीच वाट काढली. कोंड्याची भाकरी आणि रक्ती नाही. जे आपण आजही आवडीने रांधतो तेवढेच ठेवायचे. यादी बायकांनी केली, कारण पुरुषांना पदार्थ सांगता येत होते, प्रमाण सांगता येत नव्हते: वजडी, मुंडी, सुकट घातलेले वांगे, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या भाकऱ्या, लसणाचा ठेचा. विहाराच्या आवारात भंतेजींच्या इच्छेप्रमाणे शाकाहारच राहील, आणि वैशाख पौर्णिमेला सुजाताच्या नावाची खीर नेहमीप्रमाणे होईल. स्टॉल मैदानात. रांधणाऱ्या बायकांना मजुरी मिळेल आणि नफाही त्यांचाच. सेवा म्हणून फुकट राबवायचे नाही, यावर आमच्यातल्या ताया अडून बसल्या आणि ते मंजूर करून घेतले. प्रत्येक कार्यकर्त्याने वस्तीबाहेरच्या पाच जणांना घरी जाऊन निमंत्रण द्यायचे. व्हॉट्सअपवर पाठवलेले धरले जाणार नाही.

निमंत्रणपत्रिका छापायला दिली तेव्हा छापखान्यातला मुलगा मजकूर वाचून थांबला. वरती बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली पदार्थांची नावे. "वजडी पण टाकायची का पत्रिकेत?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, टाका, आणि ठळक टाईपात टाका. तो म्हणाला, "मग मलाही एक द्या, मी कुर्ल्याला राहतो." त्याला दोन दिल्या.

जय भीम!