खंजिरीचा मुलूख

वऱ्हाड म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात. कापूस, ऊन आणि भाजीतले तिखट. चौथी आठवायची तर त्याने या मुलखात एखादी रात्र खेड्यावर काढलेली असली पाहिजे. दिवेलागण होते, गुरे गोठ्यात जातात, जेवणे आटोपतात, आणि मग मारुतीच्या पारावरून एक आवाज येऊ लागतो. ढोलकीचा नव्हे, मृदंगाचाही नव्हे. आधी बोटांचा टणका आणि त्याच्या मागोमाग चकत्यांची किणकिण. ही खंजिरी. वऱ्हाडात तिला खंजेरी म्हणतात, आणि तिथे असेपर्यंत आपणही तसेच म्हणावे. नाहीतर लोक आपल्याला पाहुणा समजून पुस्तकी मराठीत बोलू लागतात आणि निम्मी मजा जाते.

वाद्य म्हणाल तर अगदी गरीब. वीतभर रुंदीचे लाकडी कडे, एका तोंडावर ताणून बसवलेले कातडे, कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या. दुसरे तोंड उघडेच. पावसाळ्यात कातडे सैल पडते, मग वाजवणारा ते शेकोटीवर धरून शेकतो. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची, आणि तोंड गाण्याला मोकळे. ज्याच्यापाशी तबला नाही आणि तो घ्यायला पैसेही नाहीत, त्याने गावे कसे, या प्रश्नाला इतके सोपे उत्तर मला तरी दुसरे ठाऊक नाही.

यंदा कोजागिरी उरकून मी रात्रीच्या गाडीने अकोल्याला निघालो, तो एका बँडमास्तरच्या मागावर. तुकडोजी महाराजांना बँडमास्तर म्हटले म्हणून त्यांच्या भक्तांनी माझ्यावर रागावू नये. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि हातात काठी अशी जी मूर्ती लग्नाच्या वरातीपुढे चालते, ती माझ्या मनात नाही. पण खरा बँडमास्तर कोण? जो स्वतः उत्तम वाजवतो तो नव्हे. दहा अडाणी पोरांना जो एका तालात आणतो, तो. आमच्या गल्लीत मुलांना वाद्ये शिकवणारे तीन वर्ग आहेत. तिन्ही वर्गांतली मुले परीक्षा देतात, प्रशस्तिपत्रके भिंतीवर लावतात, आणि दोन मुले शेजारी बसून एक गाणे वाजवताना मी अजून पाहिलेली नाहीत. म्हणून हा प्रवास.

अकोल्याला भाचा न्यायला आला होता. तो बँकेत आहे आणि संगीताचा त्याला कंटाळा आहे. पण मोटार चांगली चालवतो. अकोल्याहून आम्ही अकोटची वाट धरली. हा सगळा पूर्णेच्या काठचा खारपाण पट्टा. जमीन काळीभोर, पाहून डोळे निवावेत अशी. विहिरीचे पाणी मात्र मचूळ. वाटेत गांधीग्राम लागते. श्रावणात अकोल्याचे लोक इथूनच पूर्णेचे पाणी कावडींत भरून, रात्रभर चालत, राजराजेश्वराला नेऊन घालतात. त्या रात्री या रस्त्यावर ढोलताशांचा जो गजर असतो, तो ऐकल्यावर आठवडाभर कान काही ऐकत नाहीत, असे भाचा म्हणाला. हल्ली ढोलांच्या जोडीला मालमोटारीवर भिंतीएवढे ध्वनिक्षेपकही असतात म्हणे. ते ऐकून मला खंजिरीची काळजी वाटू लागली.

अकोटजवळच्या एका खेड्यात आमच्या ओळखीतले एक वृद्ध गृहस्थ गुरुदेव सेवा मंडळाचे भजन चालवतात. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ते आवडायचे नाही. ओसरीवर सहा मुले बसली होती, त्यांतल्या दोन मुली. खंजिरी एकाच्याही हातात नव्हती. सगळी हाताने मांडीवर ठेका धरून होती.

"शयरातून आले का जी?" त्यांनी विचारले. मी होय म्हटले. पोरांच्या हाती वाद्य का नाही, हेही विचारले.

"आधी आयकाले शिकवतो. वाजवनं मंग."

एका पोराची मांडी पुढे पळत होती. त्याला ते काही बोलले नाहीत. त्याला उठवून सगळ्यांत हळू वाजवणाऱ्या मुलीशेजारी नेऊन बसवले. दहा मिनिटांत पोरगा ताळ्यावर आला. मी उभ्या आयुष्यात गाण्याचे पुष्कळ शिक्षक पाहिले. एकही शब्द न बोलता चूक दुरुस्त करणारा हा पहिलाच.

मंडळ पूर्वी अकरा जणांचे होते. आता मोठ्यांतले चारच उरले. बाकीचे पुण्याला, सुरतेला कामाला गेले. राहिलेल्यांतले काही लग्नसराईत डीजेच्या गाडीवर जातात. "डीजेवाला रोजी देते. मी काय देऊ? चहा!" असे म्हणून ते हसले, पण ते हसणे काही खरे नव्हते. मी म्हटले, निदान पुढे बसून गाणारा एखादा तयार झाला की मंडळ टिकेल. त्यावर त्यांनी मान हलवली.

"पुढं बसनाऱ्याची कमी नाही जी. मांगं बसनाऱ्याची हाय."

हे वाक्य मी पुढच्या सबंध प्रवासात घोळवत राहिलो.

याच अकोट भागातले सत्यपाल महाराज आज खंजिरीसाठी महाराष्ट्रभर ओळखले जातात. एक नव्हे, सात खंजिऱ्या समोर मांडून ते वाजवतात, आणि वाजवता वाजवता अस्सल वऱ्हाडीत हुंडा, दारू, बुवाबाजी यांची अशी रेवडी उडवतात की हसून लोकांची पोटे दुखावीत. २०१७ साली मुंबईत त्यांच्यावर चाकूचा हल्ला झाला. त्यातून ते उठले आणि पुन्हा खंजिऱ्या मांडून बसले. मला त्यांच्या सात खंजिऱ्यांहून अधिक कौतुक वाटते ते त्यांच्या हाताखालून निघालेल्या पोरांचे. संदीपाल, रामपाल, पंकजपाल अशी 'पाल' लावलेली नावे जत्रेच्या फलकांवर वाचली की घराणे कोणते, ते कोणी सांगावे लागत नाही. किराणा आणि ग्वाल्हेर घराण्यांवर आपल्याकडे ग्रंथ निघतात. या घराण्यावर कोणी लिहील काय?

अंजनगाव, परतवाडा करून आम्ही अमरावतीकडे वळलो. गावाच्या थोडे अलीकडे वलगाव आहे. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी इथल्या पेढी नदीजवळ देह ठेवला. त्यांच्या कीर्तनातही वाद्यांचा थाट नसेच. समोर बसलेल्या लोकांनाच ते टाळकरी करून टाकीत. वऱ्हाडच्या मातीचाच हा गुण असावा.

अमरावतीला माझी आत्या असे, अंबापेठेत. आता ती नाही. तुकडोजी महाराजांना तिने नेहरू मैदानावर ऐकले होते. गाणे कसे होते म्हणून मी लहानपणी विचारले, की तिला ते सांगता येत नसे. हातातल्या सुपावर बोटांनी ठेका धरून ती म्हणे, "असे होते." तांदूळ निवडायचे राहून जात. तिला सुरांचे ज्ञान नव्हते आणि महाराजांची दीक्षाही तिने घेतलेली नव्हती, पण तो ठेका तिच्या बोटांत राहिला होता. अमरावतीने कवी सुरेश भटांना जन्म दिला, अकोल्याने संगीतकार आनंद मोडकांना. त्यांची नावे तुम्हाआम्हाला ठाऊक आहेत. सुपावर ठेका धरणाऱ्या अशा बायका किती असतील, ते कोण मोजणार?

महाराजांचे मूळ नाव माणिक. जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. शाळा मराठी तिसरीपर्यंत. 'तुकड्या' हे नाव वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेले. पुढे रानावनात भटकून आलेला हा तरुण गावोगाव खंजिरीवर भजने म्हणू लागला. १९३५ साली मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम काढला. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून ठेवून घेतले. १९४२ साली चिमूर-आष्टीच्या उठावाच्या दिवसांत सरकारने त्यांना पकडले आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. एका भजन म्हणणाऱ्याचे सरकारला भय का वाटावे? तो एकटा गाणारा असता तर वाटले नसते. त्याच्यामागे गावेच्या गावे म्हणू लागली होती.

त्यांची भजनाची पुस्तके तुम्ही चाळली आहेत काय? प्रत्येक भजनाच्या डोक्यावर चाल किंवा तर्ज छापलेली असते. आपल्याला ती बारीक अक्षरांतली ओळ क्षुल्लक वाटेल. मला तिच्यात सगळा बँडमास्तर दिसतो. लोकांच्या ओठांवरची चाल घ्यायची, तिच्यावर शब्द बसवायचे, आणि पुस्तक पाठवून द्यायचे. ज्या गावाने महाराजांना कधी पाहिले नाही, त्या गावातली चार माणसेही त्याच रात्री ते भजन उभे करू शकत. गायकाने गावोगाव हिंडावे हे नवे नाही. आपल्यावाचून गाणे चालावे अशी सोय करून ठेवणारा गायक विरळा. १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेत त्यांनी खंजिरी वाजवली, त्याच साली 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. पण मला स्वतःला त्या जपानच्या खंजिरीपेक्षा पुस्तकातल्या त्या बारीक ओळीचे मोल जास्त वाटते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. तिथी आश्विन वद्य पंचमी. म्हणजे दिवाळी तोंडावर आलेली, आणि आम्ही शहरातले लोक आकाशकंदिलाच्या खरेदीत असतो त्या दिवसांत मोझरीला लाखो माणसे जमतात. अमरावतीहून नागपूर रस्त्याने तासाभराची वाट. आम्ही पोचलो तेव्हा माळावर भगव्या टोप्याच टोप्या दिसत होत्या. मंडपामंडपातून भजने चालली होती, आणि एकाची खंजिरी दुसऱ्याच्या भजनात मिसळत होती. भाच्याने कानांत बोटे घातली.

मग चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली. महाराजांच्या निर्वाणाची ही वेळ. सगळे थांबले. टाळ थांबले, पेट्या थांबल्या, महामार्गावरची वाहने थांबली. लाखभर माणसे उभी आणि कुठे एक चकती वाजत नाही. लहान मूल रडले तेवढेच. भाच्याची बोटे कानांतून केव्हाच खाली आली होती.

रात्री एका मंडपाच्या कडेला मला आमचे अकोटकडचे मंडळ सापडले. म्हातारबाबा मुलांना घेऊन आले होते. मी त्यांना पुढे शोधत होतो. ते सर्वांत मागच्या रांगेत, टाळ घेऊन बसलेले. पुढे, खंजिरी घेऊन, ती हळू वाजवणारी मुलगी. बारा-तेरा वर्षांची असेल. टोपी कपाळावर घसरत होती आणि ती सावरायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या कडव्याला तिचा ठेका सुटला. मी बाबांकडे पाहिले. त्यांनी वर पाहिले नाही, टाळ होता तसा चालू ठेवला. शेजारच्या पळणाऱ्या पोराने, तोच तो, आवाज चढवून धृपद उचलले. बाकीच्यांनी त्याच्यामागे ते धरले, आणि दोन आवर्तनांत मुलगी परत जागेवर आली. श्रोत्यांपैकी कोणाला कळलेही नसेल.

भजन संपल्यावर मुले झुणकाभाकर खायला पंगतीत पळाली. बाबांनी सहाही खंजिऱ्या एका फडक्यात बांधल्या. त्यांची एस्टी पहाटेची होती, आणि मुलांना सोमवारी शाळा होती.