नाही म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, तुमच्या लेकीनं फोन करून सांगितलं, "आई, मी विमानातून उडी मारणार आहे," तर तुम्ही काय म्हणाल? मी काय म्हटलं ते आधी सांगते. मी म्हटलं, "नाही." पुढचं काही ऐकून न घेता, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, एका शब्दात.

मार्गशीर्षातली दुपार होती. आमचं मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावरचं गाव. पातूरचा घाट चढून आलं की लागतं. अंगणात ऊन चांगलं होतं, मांडीवर सूप होतं, आणि फोन खांद्याला अडकवला होता. लेक पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर मध्य प्रदेशाचं पर्यटन खातं हिवाळ्यात अशा उड्यांचा महोत्सव भरवतं, दहा हजार फुटांवरून उडी असते, आणि तिनं नावही नोंदवलंय. जेवढे पैसे भरले तेवढ्यात घरात नवा फ्रिज आला असता!

"नाही काय आई? का नाही, ते तरी सांग," ती म्हणाली.

"अगं, हातपाय मोडला तर? लग्न व्हायचंय अजून," मी बोलून गेले, आणि बोलल्यावर जीभ चावली. कारण हे वाक्य माझं नव्हतं. ते माझ्या आईचं होतं, आणि ते मी स्वतः ऐकलं होतं, १९८८ साली.

तेव्हा मी अकोल्याला कॉलेजात होते. एन. सी. सी. मध्ये होते. खाकी पोशाखात परेड करताना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. आग्र्याला पॅराशूटच्या उडीचं शिबिर होतं, त्यासाठी माझं नाव निघालं. घरच्यांच्या संमतीचा कागद घेऊन मी पातूरला गेले. बाबा सही करायला बसलेसुद्धा होते. आईनं चुलीपुढूनच विचारलं, "हातपाय मोडला त करून घेईन कोन तुले?" बाबांनी पेनचं टोपण लावलं. विषय संपला. तो कागद पुढे बरीच वर्षं माझ्या ट्रंकेत होता. लग्नात ट्रंकेबरोबर सासरीही आला. कधी हरवला ते कळलं नाही.

आईवर राग धरला असं नाही. पण मनात एक खळगा राहिला, तो राहिलाच.

त्या रात्री लेकीनं रागानं फोन केला नाही, नुसता एक फोटो पाठवला. तुमच्यापैकी पुष्कळींनी तो पाहिला असेल. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांचा, नऊवारी नेसून आकाशातून उडी मारतानाचा. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमधल्या पटाया इथं, सुमारे तेरा हजार फुटांवरून त्यांनी ती उडी घेतली. याच शीतलताईंनी २००४ साली आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली होती, २००६ साली दक्षिण ध्रुवावर. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी तो फोटो बराच वेळ पाहिला. आधी अर्थातच लुगडंच दिसलं. मग माझ्यातली गृहिणी जागी झाली. म्हटलं, इतक्या वाऱ्यात हे लुगडं सुटलं कसं नाही? पदर छत्रीत अडकला असता तर? म्हणजे कुणीतरी बसून, विचार करून, ते जागोजागी घट्ट बसवलं असणार. वर पाठीला छत्री, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. फोटोत आपल्याला धाडस दिसतं. त्यामागची तयारी नीट पाहिली तरच दिसते.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, "नाही म्हणाले ते सध्या बाजूला ठेव. मला सगळं समजावून सांग. काही न लपवता." पुढचे चार दिवस संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की आमची शिकवणी चाले. आमचे हे वर्तमानपत्राआडून ऐकत, पण ऐकतोय असं दाखवत नसत.

जे समजलं ते तुम्हालाही सांगते, कारण उद्या तुमच्याकडेही हा प्रश्न येईल. नवख्या माणसाला एकट्यानं उडी मारायला लावत नाहीत. ही जोडउडी असते. प्रशिक्षकाच्या पुढ्यात आपल्याला पट्ट्यांनी बांधतात, दोन कड्या खांद्यांशी आणि दोन कमरेशी. छत्री त्याच्या पाठीवर असते, आणि एक नव्हे, दोन असतात. एक नेहमीची, दुसरी राखीव. शिवाय एक लहानसं यंत्र असतं. माणूस फार खाली आला आणि वेग तसाच राहिला, तर ते राखीव छत्री आपोआप उघडतं. आपल्या कुकरला शिटी असते तरी सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच ना, तसंच ते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. विमानातून बाहेर पडल्यावर प्रशिक्षक आधी एक छोटी छत्री मागे सोडतो. दोघांचं वजन एकत्र आलं की वेग फार वाढतो. ही छोटी छत्री तो आवरून धरते, तासाला सुमारे दोनशे किलोमीटरवर. पुढे मोठी छत्री बाहेर ओढण्याचं कामही तीच करते. साधारण पाच-सहा हजार फुटांवर मोठी छत्री उघडतात, म्हणजे काही बिघडलंच तर राखीव छत्रीसाठी हातात वेळ राहतो. दहा हजारांवरून उडी मारली तर नुसतं पडणं जेमतेम अर्ध्या मिनिटाचं.

"आणि हा प्रशिक्षक कोण? कालचा पोरगा असला तर?" मी विचारलं. त्यालाही उत्तर होतं. अमेरिकेत या जोडउड्यांना १९८४ साली प्रयोग म्हणून परवानगी मिळाली आणि २००१ साली कायमचा नियम झाला. त्या नियमाप्रमाणे प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि पाचशे उड्या लागतात. लेकीला बजावलं, "तू ज्याच्याबरोबर उडी मारणार, त्याच्या किती झाल्या ते विचार. लाजू नकोस. मोलकरीण ठेवतानासुद्धा आपण चार ठिकाणी चौकशी करतो."

मग निघाली फोटोची गोष्ट. खरं सांगते, लेकीचा अर्धा जीव त्या फोटोंतच होता. फोटो दोन तऱ्हेनं काढतात. एक तर प्रशिक्षकाच्याच मनगटाला कॅमेरा बांधलेला असतो. नाहीतर शिरस्त्राणाला कॅमेरा लावून तिसरा माणूस बरोबर उडी मारतो. वाटतं, त्यात काय? पण या तिसऱ्या माणसाचं काम भलतंच अवघड. त्यानं छोट्या छत्रीच्या वाटेत जायचं नाही, मोठी छत्री उघडताना जोडीच्या वर राहायचं नाही, स्वतःच्या छत्रीचा दोर कॅमेऱ्यात गुंतू द्यायचा नाही, स्वतःची उंची पाहायची, आणि हे सारं सांभाळून तुमचं हसू टिपायचं. अमेरिकेतली उडी मारणाऱ्यांची संघटना सांगते, दोनशे उड्या झाल्याशिवाय कॅमेरा लावूच नका.

कशासाठी एवढं? तर एक जुनी हकिगत वाचली ती सांगते. १९८८ च्याच एप्रिलमधली, नॉर्थ कॅरोलायना राज्यातली. आठशेच्या वर उड्या मारलेला एक अनुभवी गृहस्थ, एका शिकाऊ माणसाचं आणि त्याच्या प्रशिक्षकाचं चित्रण करायला विमानातून बाहेर पडला. पाठीवर कॅमेऱ्याचं सामान होतं. पॅराशूट घालायचंच राहून गेलं होतं. ते वाचून मी त्या रात्री जेवले नाही. नवखा माणूस घाबरून चार वेळा तपासतो; सरावलेल्याचं मन दुसरीकडे गेलं की पहिलीच गोष्ट निसटते. दूध उतू जातं ते आपण स्वयंपाकात नवख्या असताना का? मुळीच नाही. हात सरावले आणि लक्ष दुसरीकडे गेलं की जातं.

शेवटी मी म्हटलं, "मी येते बरोबर. बघते, आणि मग हो की नाही सांगते." ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि एवढंच म्हणाले, "स्वेटर ने. तिकडे थंडी असते."

लेक पुण्याहून घरी आली आणि अकोल्याहून रात्रीच्या बसनं आम्ही इंदूरला, तिथून उज्जैनला गेलो. आधी महाकाळेश्वराचं दर्शन घेतलं, मग धावपट्टी गाठली. पहिल्या दिवशी उडी झालीच नाही. वारा होता. कपड्याचा तो लांब पिवळा झोळणा काठीवर आडवा फडफडत होता. प्रशिक्षक तिशी-पस्तिशीचा, हिंदी बोलणारा. दोनदा बाहेर आला, वर पाहिलं आणि म्हणाला, "आज नाही." लेकीचं तोंड उतरलं. सुटी एकच दिवस उरली होती. तिथं जमलेले आणखी दोघे त्याच्याशी वाद घालायला लागले, पैसे भरलेत म्हणाले. तो आवाज न चढवता पुन्हा म्हणाला, "आज नाही."

बायांनो, त्या क्षणी माझं अर्धं ओझं उतरलं. हाही नाहीच म्हणत होता. पण वर पाहून, वारा जोखून म्हणत होता. माझ्या आईनं न पाहता म्हटलं होतं, आणि मीही सूप मांडीवर घेऊन न पाहताच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. त्यानं लेकीला कानातलं, गळ्यातलं, बांगड्या काढायला लावल्या. वेणी घट्ट घालून आत खोचायला सांगितली. (तुमच्यापैकी कुणी गेलात तर मंगळसूत्रही काढावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका.) उडी घेताना शरीर मागे कसं वाकवायचं, उतरताना पाय कसे वर धरायचे, हे त्यानं जमिनीवर तीनदा करवून घेतलं. मी पुढे झाले आणि माझा प्रश्न विचारला. "भैया, फोटो काढताना उंची कोण पाहतं?"

तो हसला नाही. मनगटावरचं उंचीचं घड्याळ दाखवून म्हणाला, "माताजी, आधी हे. मग छत्री. मग तुमची मुलगी. कॅमेरा सगळ्यांत शेवटी. फोटो नाही आला तर मी पैसे परत करीन." मग त्यानं प्रत्येक कडी हातानं ओढून पाहिली, आणि विमानात चढण्याआधी सगळ्या कड्या पुन्हा ओढून पाहिल्या. मी मोजत होते.

मी लेकीला म्हटलं, "जा."

पुढची वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली ते लिहीत नाही. ज्या आई आहेत त्यांना लिहायची गरज नाही. आधी विमान ठिपक्याएवढं झालं. मग ठिपक्यातून काहीतरी निघालं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग निळ्यात एक रंगीत फूल उघडलं. ते दोघं गवतावर बसत, घसरत उतरले. लेक धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून हसायच्या ऐवजी रडली. मीही.

परतताना घाट चढण्याआधी आम्ही पातूरला उतरलो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, भावाकडे असते. नजर अजून चांगली आहे. लेकीनं आजीच्या मांडीवर मोबाईल ठेवून ते चित्रण लावलं. घरातले सगळे गोळा झाले. वहिनी म्हणाली, "अगंबाई, केस बघा कसे उडताहेत!" भाचा म्हणाला, "ताई, तोंड केवढं उघडलंय तुझं!" आई काही बोलली नाही. "पुन्हा लाव," म्हणाली. पुन्हा पाहिलं. मग बोट ठेवून विचारलं, "हा मांगचा मानूस कोन व्हय वं?"

आम्ही सगळ्यांनी पोरीचं तोंड पाहिलं होतं. आई त्या माणसाकडे बघत होती. चित्रात तो कोपऱ्यातच होता. अर्धा चेहरा, आणि एक हात. मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळं चित्रण होईपर्यंत लेक कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, आणि तो पुन्हा पुन्हा मनगटाकडे बघत होता.

मी आईला सगळं सांगितलं. कड्या, दोन छत्र्या, आपोआप उघडणारं यंत्र. हेही सांगितलं की माझ्या वेळच्या आग्र्याच्या उडीत मागे माणूस नसे, पण छत्रीचा दोर विमानालाच बांधलेला असे, त्यामुळे उडी मारली की छत्री आपोआप उघडे. आई ऐकत राहिली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "हे तवा मले कोनी सांगतलंच नाई व माय."

मी काय बोलणार? तिला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. आणि मीही सांगितलं नव्हतं. कागद पुढे केला होता, नुसता सहीसाठी. मला स्वतःलाच तेव्हा ठाऊक नव्हतं; तिनं विचारलं नाही आणि मी शोधून काढलं नाही.

म्हणून, मैत्रिणींनो, एवढंच सांगायचं. लेकीला जरूर नाही म्हणा, पण आधी विचारा. कोण नेणार, त्याचा अनुभव किती, राखीव काय आहे, वारा कोण पाहतो, कॅमेरा कुणाच्या हातात आणि उंची कुणाच्या नजरेत. उत्तरं पटली नाहीत तर खुशाल नाही म्हणा. त्या नाहीला वजन असेल, आणि लेकही ते ऐकेल.

लेकीचा फोटो आता आमच्या बैठकीत लावला आहे. येणाऱ्या बायका तिचं तोंड पाहतात. चहा देताना मी त्यांना मनगट दाखवते.