विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी वर्गात २० वर्षे शिकवीत आलो आहे. पण विंचवाला कुत्रा नसतो, मांजर नसते आणि ७८ वर्षांची आईही नसते, हे माझ्या ध्यानात आले ते यंदा, संस्थेने माझी बदली नागपूरहून नाशिकला केली तेव्हा.

बदलीचा कागद हाती पडताच मी एक २०० पानी वही आणली आणि तिच्यावर ‘स्थलांतर’ असे ठसठशीत अक्षरांत लिहिले. टिपणे काढल्याखेरीज प्राध्यापकाला कोणत्याही संकटाला तोंड देता येत नाही! पुस्तकांची खोकी किती, भांड्यांची पोती किती, कपाट आधी चढवायचे की पलंग, सारे क्रमवार लिहिले. अकरावे कलम होते ‘मोती व मनी’. रेल्वेत कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून, नाहीतर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घेऊन नेता येते, असे कळले. यांतला पहिला मार्ग मोतीला मानवणारा नव्हता आणि दुसरा माझ्या पगाराला. शेवटी मीच तोड काढली. सामानाच्या टेंपोत मागे लाकडी पिंजरा ठोकून घ्यायचा! त्याची आकृतीही काढली.

ती पाहून सौ. नुसती ‘छान’ म्हणाली. १८ वर्षांच्या संसारात त्या ‘छान’चा अर्थ मला थोडाफार कळू लागला आहे. मी मुकाट्याने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

‘‘प्राध्यापकसाहेब, नागपूरचा मे महिना आहे,’’ ते म्हणाले. ‘‘बंद टेंपोची भट्टी व्हायला कितीसा वेळ? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो बिचारा नुसता धापा टाकतो. दोघांनाही तुमच्याबरोबर मोटारीत घ्या.’’ मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. निघण्याआधी पाच-सहा तास खाणे नाही, पाणी मात्र द्यायचे. उन्हाआधी निघायचे. दर दोन-तीन तासांनी मोतीला साखळी लावून उतरवायचे. मनीची टोपली वाटेत उघडायची नाही, आणि तीत तिच्या अंगाखालचे रोजचे फडके घालायचे, तेही न धुता. रेबीजच्या लशीचा दाखला जवळ ठेवायचा.

‘‘आणि पोचल्यावर मनीला आठ-पंधरा दिवस एकाच खोलीत ठेवा. कुत्रा माणसांना धरून असतो, मांजर जागेला.’’

हे सारे रात्री जेवताना मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले. आई ताक वाढीत होती. ती सहज म्हणाली, ‘‘आणि मी रे? मी कुत्र्यात की मांजरात?’’

मुले खो-खो हसली. मीही हसलो. पण निजानीज झाल्यावर मी वही पुन्हा उघडली आणि ४७ कलमांत आई कुठे आहे ते शोधू लागलो. सापडली. कलम एकोणीस : ‘आईची ट्रंक, पलंग, औषधे.’ महालातल्या या जुन्या भाड्याच्या घरात ती ५५ वर्षांपूर्वी सून म्हणून आली. बाबा गेले ते याच घरातून. ते घर ती सोडीत होती, आणि मी तिच्या ट्रंकेची लांबी-रुंदी मोजून मोकळा झालो होतो!

सकाळी तिला विचारले, ‘‘आई, तुझं काय काय न्यायचं?’’ तिने फारसे काही मागितले नाही. तांदूळ निवडायचा पाट, मातीसकट तुळस आणि ती विटकी गोधडी. नव्या घरात शोभणार नाही म्हणून गोधडी मी बोहारणीच्या ढिगात टाकली होती. ती मी गुपचूप काढून आणली. न धुता.

पहाटे तीनला निघालो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, त्याचे ऋण त्या दिवशी पुरते कळले. मोती खिडकीशी नाक लावून खुशीत होता. मनीचा आक्रोश मात्र वर्धा मागे पडले तरी थांबेना. तेव्हा आईने टोपली मांडीवर घेतली, आणि जालना येईपर्यंत दोघींपैकी कुणीही अवाक्षर काढले नाही.

नाशिकच्या घरात मनीला मागच्या खोलीत ठेवले. ‘‘तिच्या सोबतीला मी बसते,’’ आई म्हणाली. तिथेच गोधडी पसरली, पाट मांडला गेला. मोतीने तासाभरात आळी पालथी घातली. या दोघी खोलीबाहेर येईनात. मी दारातून डोकावे आणि परत फिरे. या दुखण्यावर माझ्या वहीत कलम नव्हते.

दहाव्या दिवशी दार किलकिले झाले. मनी बाहेर आली, उंबरा हुंगला आणि ऐटीत खिडकीत जाऊन बसली. तिच्या मागोमाग आई आली. पदर सारखा करीत म्हणाली,

‘‘काय रे, गंगेवर जायची बस इथून कुठं मिळते?’’