नवं घर, जुना कूलर

मैत्रिणींनो, स्वतःचं घर झालं की आपल्या डोक्यात काय काय येतं, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. नागपुरात २२ वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर आम्ही फ्लॅट घेतला. पडद्यांचा रंग ठरवायला मी आठ दिवस घेतले, ओट्याच्या फरशीसाठी चार दुकानं पालथी घातली. पण भिंतीतल्या तारा कशा घातल्यात, हे विचारावं, असं एकदाही सुचलं नाही. ते पुरुषांचं काम! आणि आमचे 'हे' म्हणाले, "नवं घर आहे, सगळं नवंच असणार."

होळी झाली तशा कूलरला नव्या ताट्या बसवल्या आणि जुनाच पत्र्याचा कूलर बाल्कनीच्या खिडकीत ठेवला. मे महिन्यातली एक दुपार. पारा ४५च्या घरात. टाकीतलं पाणी संपत आलं. मी पोळ्या लाटत होते. "अहो आई, बादलीभर पाणी ओता ना कूलरात," असं सासूबाईंना मीच सांगितलं. कूलर चालूच होता.

दुसऱ्याच मिनिटाला बादली पडल्याचा आवाज आला. धावत गेले, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या सासूबाई, हात पत्र्याला चिकटलेला, तोंडातून शब्द नाही. मी त्यांना धरणारच, तेवढ्यात लेक मागून ओरडली, "आई, हात लावू नकोस!" आणि तिनं मेन स्विच बंद केला. नाहीतर त्यांच्यामागोमाग मीही गेले असते.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. बोटं भाजली, एवढ्यावर निभावलं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. त्या वाचून मी हळहळत असे आणि पान उलटत असे.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. बाल्कनीतल्या प्लगला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती! ती अर्थिंगची तार. पंपाची तार ओली होऊन वीज पत्र्यात उतरली, तर ती या तारेवाटे जमिनीत जाते. तार नसेल, तर वाट शोधते ती आपल्या अंगातून. मी म्हटलं, "पण एमसीबी आहे ना?" तो म्हणाला, "वहिनी, ती तारांना जपते. माणसाला जपणारी आरसीसीबी वेगळी." वीज कुठे गळू लागली, की ही क्षणात प्रवाह तोडते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची घ्यायची. तिच्यावर एक लहान बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर आरसीसीबी निकामी समजावी.

तेव्हा घरात सामान लावण्याआधी प्रत्येक प्लगचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. तीन पिनांची पिन काढून दोन पिनांची कधी लावू नका. पाणी भरताना, पुसताना कूलर नुसता बंद नको, पिनच काढा. पायांत रबरी चप्पल हवी.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. ताट्यांवर पांढरा क्षार धरला, की वारा कमी येतो. त्या दरवर्षी बदलाव्यात. आणि समोरची एखादी खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. पावसाळा लागला, की टाकी कोरडी करून कूलर झाकून टाका. दमट हवेत त्याचा उपयोग नाही.

हिवाळ्यात गीझरचंही तसंच. अंघोळीला जाण्याआधी बटण बंद. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बुजवू नका. वाफेचा दाब जायला तीच वाट असते. बोअरचं जड पाणी असेल, तर वर्षातून एकदा आतला क्षार काढून घ्यावा.

सगळं दुरुस्त झालं, तरी सासूबाई आठ दिवस बाल्कनीत फिरकल्या नाहीत. उकाड्यात आतल्या खोलीत पदरानं वारा घेत बसत. मी काही बोलले की म्हणत, "तुझा काय दोष ग?" ते मला जास्त लागे. शेवटी लेकीनं त्यांना आरसीसीबीपाशी नेलं आणि ते बटण त्यांच्याच बोटानं दाबायला लावलं. खट्‌कन घरभर वीज गेली. सासूबाई हसल्या.

आता त्यांनी कॅलेंडरवर खूण केली आहे. दर संकष्टीला सकाळी देवाला नमस्कार झाला, की बटण दाबायचं. महिन्यातून एकदा येते, विसरायला होत नाही. तुम्हीही आज वाचून झाल्यावर उठा आणि तुमच्या घरात ते बटण आहे का, तेवढं बघा.