खाली गाडीचं वजन

आमच्या काट्यावर गाडी दोनदा चढते. भंगार भरून आली की एकदा, आणि भंगार उतरवून निघाली की पुन्हा. भरल्या गाडीच्या आकड्यातून खाली गाडीचा आकडा वजा केला की माल उरतो. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर अकरा वर्षं मी ही वजाबाकी करतो आहे. केबिनमध्ये खुर्ची, पंखा, संगणक. दिवसातून पाच वेळा चहा आणि चारच्या चहाबरोबर फरसाण.

काटा दहा-दहा किलोंनीच बोलतो. माणूस ही त्याच्या हिशेबी किरकोळ वस्तू. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर रिकाम्या काट्यावरून पलीकडे जाताना मी मध्येच थांबलो. काचेआड लाल आकडे उमटले : 90. दवाखान्यातल्या काट्यानं नेमकं सांगितलं, 86. उंची पाच फूट पाच इंच, कंबर 101 सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90 च्या आत हवी आणि उपाशीपोटीची साखर 100 च्या आत. माझी साखर 112 आली होती. अजून उंबऱ्यावर होती, घरात शिरलेली नव्हती.

हातात एक कागद मिळाला. ओट्स, ऑलिव्ह तेल, बदाम, सफरचंद, ब्रोकोली. लिहून देणाऱ्याच्या मनात माझं भलंच होतं. पण घरी बसून मी बेरीज केली, तर चौघांच्या किराण्याला लागतात त्याहून जास्त पैसे माझ्या एकट्याच्या या यादीला लागत होते. पगार सोळा हजार. लेक दहावीत. कागदाची घडी घालून मी तो खिशात ठेवला, आणि त्या रात्री ताटात अर्धी पोळी सोडली.

माय समोरच बसली होती. "कामून सोडली रे? बरं नाही का?"

वजन कमी करायचंय, हे मी तिला सांगितलं. तिला ते कळलं नाही, आणि तिला ते का कळलं नाही हे मला पुरतं कळलं. 1972 च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. अंबड तालुक्यातल्या तिच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथं ती मातीची पाटी उचलायची. कामावर खायला सुकडी मिळायची. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी असायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची, असं ती सांगते. त्या वर्षी तिच्या थोरल्या भावाच्या बरगड्या तिनं मोजल्या होत्या. म्हणून तिच्या लेखी अंगावरचं मांस म्हणजे वाईट दिवसासाठी राखलेली रोकड. 'लेकरानं अंग धरलं' हे तिच्या तोंडचं सगळ्यात मोठं कौतुक. तिच्यासमोर ताटात अन्न टाकून मी तब्येत सुधारू शकत नव्हतो. मार्ग काढायचा तो तिच्याच चुलीतून काढायला हवा होता.

मग मी तिला वेगळा प्रश्न विचारला. बऱ्या वर्षी काय खायचात?

ती बोलायला लागली आणि अर्धी रात्र झाली. सकाळी शिळी भाकरी आणि ताक. दुपारी रानात भाकरी, कोरड्यास, कांदा, जवसाची नाही तर कारळाची चटणी. रात्री भाकरी आणि येसराची आमटी. थंडीत हुलग्याचं माडगं, शेंगोळे. आषाढ-श्रावणात तांदुळजा, घोळ, पाथरी, कोवळा तरोटा. पौषात हरभऱ्याची भाजी खुडून आणायची, करडईचा कोवळा पाला आणायचा. करडईचं तेल पळीनं मोजून. गूळ सणाला. "आणि चहा?" तर म्हणे, "पाहुणा आला तर."

हे ऐकताना मला भुरळ पडली, पण त्या जेवणाची आरती मी ओवाळणार नाही. त्यात दूध लेकरांना आणि पुरुषांना आधी मिळायचं. बायकांच्या वाट्याला खरवड यायची. माय आजही शेवटी जेवायला बसते. ती सडपातळ राहिली ती आठ तास खुरपण्यानं. मला तिची उपासमार नको होती, तिचं कोरड्यास हवं होतं.

पहिलाच अडथळा ज्वारीचा आला. गरिबाचं धान्य आज गव्हाहून महाग आहे. रेशनवर माणशी पाच किलो धान्य जानेवारी 2023 पासून फुकट मिळतं, पण आमच्या हाती पडतो तो गहू आणि तांदूळ. ज्वारी शेतातूनच उठली. पूर्वी बैलांना कडबा लागायचा म्हणून ज्वारी पेरायचे. कणीस माणसाला, ताट जनावराला. बैल गेले, ट्रॅक्टर आला, कडब्याची निकड सरली. काढणीला माणूस मिळेना, पाखरं राखायला पोरं उरली नाहीत. त्या जागी सोयाबीन आणि कपाशी आली. शेवटी मामाच्या रानातून फाल्गुनात खळ्यावरच दोन पोती शाळू घेतला. पैसे दोन हप्त्यांत दिले. रात्री भाकरी, सकाळी रेशनच्या गव्हाची पोळी, असा घरात तह झाला.

ज्वारीनं वजन उतरतं असं लोक सांगतात, ते मला अर्धंच पटतं. 100 ग्रॅम ज्वारीत चोथा साधारण 10 ग्रॅम, आणि चोकर न काढलेल्या गव्हातही जवळजवळ तेवढाच. सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र तो तीन ग्रॅमसुद्धा भरत नाही. भाकरीचा गुण वेगळा आहे. तिच्या घडीत तेल नसतं, ती चावावी लागते, आणि दीड भाकरीवर जबडाच म्हणतो, पुरे.

खरं वजन निघालं ते तेलाच्या डब्यातून. पाच लिटरचा डबा चौघांत महिन्याला संपत होता. वजनकाट्यावरच्या माणसाला हा हिशेब आधीच सुचायला हवा होता. माणशी दिवसाला 40 मिलीच्या वर तेल, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक, आणि ताटात ते दिसतही नाही. बायकोनं डबा बंद करून फोडणीला चहाचा चमचा लावला. आता तीन लिटर पुरतं. पाच चहांतली साखर मोजली तर दिवसाला दहा चमचे निघाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिवसाला 20 ते 25 ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे; मी केबिनमध्ये बसूनच त्याच्या दुप्पट रिचवत होतो. चहा दोनवर आला, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं. तेल, साखर, फरसाण यांचे जे पैसे वाचले त्यांत डाळ वाढली. तुरीच्या जाती निघतात ते संशोधन केंद्र आमच्या शेजारी बदनापूरला आहे, आणि तूरडाळ मात्र आमच्या पातेल्यात पाण्यासारखी पातळ व्हायची. आता वरण घट्ट असतं. आठवड्यातून चारदा मोड आलेली मटकी नाही तर हुलगे, आणि मुलीसाठी अंडी.

भाजी बाजार उठायच्या वेळी घेतो. संध्याकाळी उरलेल्या जुड्या कमी दरात सुटतात. मोसंबीच्या दिवसांत बारीक फळ स्वस्त मिळतं, ते सोलून फोडी खातो. रसाच्या एका पेल्याला तीन-चार फळं लागतात आणि चोथा गाळणीत राहतो. फुकटच्या रानभाजीची मात्र मला आशा होती, ती मायनं मोडली. मामाच्या बांधावर घोळ हिरवीगार पसरली होती. ती वाकली, एक डहाळी खुडली, हुंगली आणि टाकून दिली. शेजारच्या सोयाबीनला तणनाशक मारलं होतं. ती काही बोलली नाही, पण परतताना सबंध वाट ती त्या बांधाकडे वळून पाहत होती.

मधल्या काळात सगळ्यांसारखा मीही डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या वाटेनं गेलो. लातूरहून घरोघर पोचलेली, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर उभी असलेली ही पद्धत : दिवसात दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. दर दोन तासांनी थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांचा पक्षही माझ्या नात्यात जोरात आहे. या वादात मला पडायचं नाही. दीक्षितांचं एक मला मनापासून भावलं, की त्यात विकत घ्यायचं काहीच नाही. माझं मधलं खाणं त्यानंच सुटलं. मायला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून तिला त्यात ओढलं नाही.

पहाटे मोती तलावाच्या काठानं चालतो. चौदा महिन्यांत 86 चे 74 झाले. आमचा काटा आता माझे 70 दाखवतो.

ते 70 मी भट्टीवरच्या पोरांना दाखवले नाहीत. बिहारहून आलेली ती पोरं तापलेल्या लोखंडासमोर आठ-आठ तास उभी असतात, डब्यात भाताचा डोंगर आणि त्यावर बटाटा. त्यांना एक घासही कमी खा म्हणायची माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या डब्यात मूठभर डाळ वाढावी, एवढंच मनात येतं.

यंदा पौषात मामाच्या रानात हुरड्याला गेलो. आगटीवर कणसं भाजली, हातावर चोळली. मी हुरडा पोटभर खाल्ला, मोजला नाही. मायनं माझं मनगट बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "उतरलास रे." मग ती आगटीशी वाकली, राखेत सांडलेले दाणे एकेक वेचले, फुंकर मारून ओंजळीत घेतले आणि ती ओंजळ माझ्यापुढे धरली.