वेंगुर्ल्याचे मिशन

परदेशातून येऊन कोकणात सेवा करत राहिलेल्या ख्रिस्ती माणसांचा माग काढायचा, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यापर्यंत जावे लागते. मालवणहून निघालेला रस्ता नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी ओलांडतो आणि परुळे, म्हापण करत दक्षिणेकडे उतरतो. दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, आत काजू आणि आंबा. समुद्र जवळ असूनही बराच वेळ दिसत नाही.

निघण्यापूर्वी मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहावा. खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ झाला, तेव्हाची पूजा इथे झाली असे सांगतात. समोरच्या पाण्यात उभा असलेला किल्ला ज्यांना धाकात ठेवण्यासाठी बांधला, त्यांत फिरंगी होते. या किनाऱ्याने परदेशी माणूस आधी तोफेमागे पाहिला, मग तागडीमागे. औषधाची बाटली घेऊन तो आला बऱ्याच उशिरा. इथले किरिस्ताव मात्र परदेशी नव्हेत. ते बहुतेक कॅथलिक आहेत, त्यांची नाळ गोव्याशी जुळलेली आहे, आणि २००५ पासून सावंतवाडीला त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. बाहेरून येणारे परदेशी ख्रिस्ती आणि इथले किरिस्ताव यांची हमखास गल्लत करतात.

वेंगुर्ल्यात तागडीची खूण अजून उभी आहे. आदिलशाहीच्या काळात, १६३७ मध्ये, डचांनी इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना हे बंदर सोयीचे होते. आता छप्पर गेलेले आहे. जाड भिंतींच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरली आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. आंबोली घाटातून बेळगावच्या छावणीकडे जाणारा माल इथे उतरू लागला आणि बंदराला बरकत आली. १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे सुरू झाली आणि तो माल दुसऱ्या वाटेने जाऊ लागला.

अशा ओसरत्या बंदरात, विसाव्या शतकाच्या तोंडावर, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने ठाणे केले. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले काम पुढे याच मिशनकडे आले होते. मिरजेला विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय नावारूपाला आले होते. वेंगुर्ल्याच्या दवाखान्याला नाव मिळाले सेंट ल्यूक्स. ख्रिस्ती परंपरेत शुभवर्तमानकार लूक हा वैद्य मानला जातो. या दवाखान्याशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव डॉ. रॉबर्ट एच. एच. गोहीन यांचे. त्यांच्या आधीच्या पिढीतले जोसेफ गोहीन कोल्हापूरला मिशनरी होते.

मिशनरी येतो तो शिकवायला, पण पहिली काही वर्षे त्यालाच विद्यार्थी व्हावे लागते. नव्या माणसाला मराठी शिकून परीक्षा द्यावी लागे. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, ळ तर इंग्रजी जिभेला वळतच नाही. एवढे करून तो वेंगुर्ल्याला पोचला, की समोरचा रोगी म्हणणार, ‘‘माका ताप इलो.’’ पुस्तकातली मराठी तिथे निम्मीच उपयोगी. श्रद्धा वाढते म्हणजे काय, याचे उत्तर प्रवचनांपेक्षा या ओशाळलेपणात अधिक सापडते. ज्याला आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे याची खात्री असते, त्याला आधी मागायला शिकावे लागते: शब्द, वाट, पाणी.

दवाखान्याचा प्रश्न याहून अवघड होता. औषध हे औषधच, की धर्मांतराचे आमिष? गांधीजी हा सवाल स्पष्टपणे विचारत होते. तो मिशनच्या घरातही विचारला गेला. हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने भारत, ब्रह्मदेश, चीन आणि जपानमधले काम पाहून १९३२ मध्ये ‘रीथिंकिंग मिशन्स’ हा अहवाल दिला. शाळा आणि रुग्णालये धर्मप्रसाराला जुंपू नयेत, सेवा स्वतःच्या मोलावर उभी राहावी, असे त्यात म्हटले होते. प्रेस्बिटेरियन मंडळाने या अहवालाच्या धर्मविचारापासून अंग काढून घेतले. पण प्रश्न काही मिटला नाही, आणि मिटायलाही नको होता. ज्या श्रद्धेला असा प्रश्न पडतच नाही, तिची वाढ खुंटलेली असते.

गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट वेंगुर्ल्यालाच जन्मला, १५ ऑगस्ट १९१९ रोजी. त्या तारखेला तेव्हा काही अर्थ नव्हता. मिशनऱ्यांची मुले डोंगरावरच्या शाळेत धाडण्याची रीत होती. तो कोडाईकनालला शिकला आणि १९३४ मध्ये अमेरिकेला गेला. १९५७ मध्ये तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १९६९ मध्ये, तिथे पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळाला. १९७७ ते १९८० तो भारतात अमेरिकेचा राजदूत होता.

वेंगुर्ल्याहून शिरोडा, रेडी करत रस्ता तेरेखोलच्या खाडीशी येतो. पलीकडे गोवा. तिथे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट उतरला. चाळीस वर्षे राहिला, १६१९ मध्ये तिथेच वारला, मायदेशी परतला नाही. सासष्टीत राहून त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ उरला तो वाचणाऱ्यांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांतून.