खिशातला टॉर्च आणि आजीची बॅटरी

तुमच्या घरी टॉर्च आहे का? असेल तर आत्ता कुठे आहे, चटकन सांगता येईल? आणि तो लागतो का? बहुतेक घरांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असतं, दुसऱ्याचं ‘आईला विचारते’ आणि तिसऱ्याचं ‘दिवाळीच्या साफसफाईत लागला होता’.

फोनमध्ये उजेड असताना वेगळा टॉर्च कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. किल्ली शोधायला, पलंगाखाली गेलेली कानातल्याची फिरकी काढायला फोन पुरतो. पण त्याचा उजेड जवळच पसरतो, लांब जात नाही. भर पावसात फोन बाहेर काढवत नाही. आणि लाइट गेल्यावर फोनची बॅटरी राखायची असते ती फोन करण्यासाठी.

म्हणून महिनाभर मी चार्जिंगचा एक छोटा टॉर्च रोज जवळ ठेवून पाहिला. तर्जनीएवढा लांब, पर्सच्या छोट्या कप्प्यात मावणारा. दिवसा पर्समध्ये, रात्री उशाशी. मला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. हा मला रोज उपयोगी पडतो का, आणि दापोलीजवळच्या गावात एकट्या राहणाऱ्या माझ्या आजीला असाच एक द्यावा का? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती, त्याचं कारण पुढे सांगते.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

माझ्या टॉर्चच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ५०० लुमेन लिहिलं होतं. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कँडेला हा आकडा बघायचा. झोताच्या मध्यभागी उजेड किती एकवटलाय, ते तो सांगतो.

टॉर्च मोजण्याचं एफएल१ नावाचं एक मानक आहे. त्यात ‘अंतर’ म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंतचं अंतर. खोक्यावर १०० मीटर लिहिलं असेल, तर १०० मीटरवर काहीतरी हललं एवढंच कळेल. ते मांजर आहे की कुत्रा, हे सांगता येणार नाही. मी लिहिलेल्या अंतराच्या निम्मंच धरते.

‘किती वेळ चालतो’ याचंही तसंच. या मानकानुसार उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे दीड तास लिहिलं असलं तरी दीड तास तेवढाच लख्ख उजेड मिळत नाही. माझा टॉर्च पूर्ण जोरात लावला, तेव्हा दोन-तीन मिनिटांत त्याचं डोकं चांगलंच तापलं आणि उजेड आपोआप उतरला. हा बिघाड नव्हे. एवढ्याशा धातूला एवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून आतलं सर्किट वीज कमी करतं. त्यामुळे लहान टॉर्चवर लिहिलेले हजारो लुमेन हे फार तर काही मिनिटांचे पाहुणे असतात.

रोजच्या वापराचा उजेड मंदच

महिनाभरात मी सगळ्यात जास्त वापरला तो सगळ्यात मंद उजेड, जेमतेम १ लुमेनचा. रात्री पाणी प्यायला उठताना, शेजारी झोपलेल्या बहिणीची झोप न मोडता कपाटातून पांघरूण काढताना तो पुरेसा होता. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा भगभगीत उजेड पडला की ती सवय जाते. म्हणून टॉर्च घेताना जास्तीत जास्त किती, यासोबत कमीत कमी किती, हेही बघा. काही टॉर्च लावल्या लावल्या पूर्ण जोरात पेटतात. रात्री दोन वाजता ते नकोसं होतं.

त्यानंतर कामाला आला तो ५० लुमेनच्या आसपासचा उजेड. एका संध्याकाळी चार तास लाइट नव्हती. टॉर्च स्टीलच्या पेल्यात उभा ठेवून झोत छताकडे केला. पांढऱ्या छतावरून उजेड परतून खोलीभर पसरला, स्वयंपाक झाला, जेवणंही झाली, तरी चार्जिंग संपलं नव्हतं. ही युक्ती कोणत्याही टॉर्चने जमते.

उजेडाचा रंगही बघून घ्या. ६५०० केल्विनच्या आसपासचा उजेड निळसर पांढरा असतो, ४००० च्या आसपासचा डोळ्यांना सौम्य वाटतो. रंग किती खरे दिसतात, त्याचा आकडा म्हणजे सीआरआय. तो ९० च्या वर असेल तर फ्यूजमधली लाल वायर कोणती, बाळाच्या अंगावर पुरळ आलंय का, हे नीट ओळखता येतं.

चार्जिंग, सेल आणि पाणी

टाइप-सी पोर्ट सोयीचं. फोनचीच केबल चालते. मात्र काही स्वस्त टॉर्च दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत, एका बाजूला जुना चौकोनी प्लग असलेली केबलच लागते. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी दोन्ही केबल लावून बघा, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते.

शक्यतो सेल काढता येईल असाच टॉर्च घ्या. दोन-चार वर्षांत लिथियम सेल थकतो, तेव्हा अख्खा टॉर्च फेकावा लागत नाही. थकलेला सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या. माझ्या टॉर्चमधला सेल भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्याच मापाचा आहे, पण तो ३.७ व्होल्टचा आणि घड्याळाचा १.५ व्होल्टचा. दोन्ही एका डब्यात ठेवू नका. मुलं हौसेने भलतीकडे घालतात. १८६५० नावाच्या जरा मोठ्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं, तर तो घेऊच नका. त्या मापाचे चांगले सेल साधारण ३५०० पर्यंतच असतात. विमानप्रवासात सुटा लिथियम सेल केबिनच्या बॅगेतच न्यायचा, चेक-इन सामानात नाही.

पावसासाठी आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग. तुंबलेल्या रस्त्यावरून घरी यावं लागत असेल तर दुसरा घ्या.

आणि खिशात टॉर्च आपोआप पेटू नये, हे फार महत्त्वाचं. पूर्ण जोरात पेटलेला टॉर्च पर्समध्ये कापड करपवू शकतो. बटण लॉक होतं का, किंवा मागचं झाकण थोडं सैल केल्यावर टॉर्च बंद राहतो का, ते तपासा.

या सगळ्यात माझा टॉर्च पास झाला. तो अजूनही माझ्या पर्समध्ये आहे.

आजीच्या हातात

आता आजीचं. तिचा संडास मागच्या अंगणात आहे. रात्री उठलं की पडवीतून उतरायचं, चिऱ्यांच्या पायवाटेने वीसेक पावलं जायचं. पावसाळ्यात तिथे फुरसं निघतं, मण्यार तर रात्रीच फिरते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले साधारण निम्मे पावसाळ्याच्या महिन्यांतले. हा आकडा वाचल्यापासून आजीची ती वीस पावलं माझ्या डोक्यातून जात नव्हती.

मी टॉर्च तिच्या हातात दिला. त्याला एकच रबरी बटण. एकदा दाबलं की चालू, दाबून धरलं की उजेड बदलतो, दोनदा दाबलं की पूर्ण जोरात, तीनदा दाबलं की लुकलुकायला लागतो. आजीची बोटं संधिवाताने आखडलेली. तिने दाबलं, लागला नाही म्हणून पुन्हा पुन्हा दाबलं आणि टॉर्च लुकलुकू लागला.

“अगो, ही डोळे का मिचकावते?” तिने विचारलं. मग तिची जुनी स्टीलची बॅटरी खुंटीवरून काढून मला दाखवली. “ही बघ. पुढे सरकवली की लागते, मागे सरकवली की विझते. झोपेतसुद्धा जमतं मला.”

तिच्याकडे आणखी एक मुद्दा होता. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा त्या भागातल्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. “तेव्हा तुझी ही कशाला लावून चार्ज केली असती?” दुकानात सेल मात्र मिळत होते.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायची गरजही नव्हती. मी तिला चार्जिंगचा टॉर्च दिला नाही. साध्या सेलवर चालणारा, सरकत्या बटणाचा, मुठीत भरेल एवढा एलईडी टॉर्च घेतला. जुन्या बल्बच्या बॅटरीपेक्षा त्याचा उजेड कितीतरी जास्त आणि सेलही जास्त दिवस पुरतात. तो दाराजवळच्या त्याच खुंटीला अडकवला. सोबत सेलची एक जोडी डब्यात. पायांत बूट घाल, झोत दूर न टाकता दोन-तीन पावलांपुढे जमिनीवर ठेव, काठी आपटत जा, एवढं बजावलं. “बूट मला शिकवू नकोस,” म्हणाली, पण घालते.

तुम्ही टॉर्च घ्यायला निघाला असाल, तर आधी एक करा. आज जेवणं आटोपली की घरातले सगळे दिवे पाच मिनिटं बंद करा. घरातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान माणसाला टॉर्च शोधून लावायला सांगा. मदत करू नका. कोणाला सापडला नाही, कोणाचं बटण दाबलं गेलं नाही, कोणाच्या डोळ्यांवर उजेड आला, ते बघा. ज्याला जमलं नाही, त्याला बरोबर घेऊन दुकानात जा आणि त्याच्या हाताला जमेल तोच टॉर्च घ्या.